जायज आहे का, याच्या पुढचा प्रश्न

आपल्यात कुत्र्याचा विषय निघाला की तीन प्रश्न ठरलेले. पाळणं जायज आहे का? कपड्याला लागला तर नमाज होते का? घरात कुत्रा असला तर रहमतचे फरिश्ते येतात का? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात कुत्र्याचा उल्लेख आला, मग तो धड्यात असो की निबंधात, एखादं पोरगं हात वर करून यातला एक प्रश्न विचारतंच. मोठी माणसंही हेच तीन विचारतात आणि तिथेच थांबतात.

या तिन्हींची उत्तरं आलिमांनी कधीच देऊन ठेवली आहेत. आपल्या खान्देशात बहुतेक जण हनफी. हनफी मसलकात कुत्र्याची लाळ नापाक मानतात, त्याच्या कोरड्या अंगाचा नुसता स्पर्श नाही. भांड्याला तोंड लावलं तर ते तीन वेळा धुवायचं. कोकणातले आपले शाफई भाऊ सात वेळा धुतात, त्यातही एकदा मातीनं. मालिकी आलिम याहून सौम्य आहेत. शिकार, जनावरांची राखण आणि शेती, या कामांसाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्ये मुभा आहे. विनाकारण ठेवला तर रोज नेकीतून एक किरात कमी होतो, अशीही हदीस आहे. घराची राखण हेही कामच, असं बरेच आलिम मानतात. मी आलिमा नाही, बीएड झालेली शिक्षिका आहे. तेव्हा या तीन प्रश्नांवर माझं नवं काही म्हणणं नाही. ज्यांना कुत्रा नको त्यांच्याशी माझा वाद नाही, आणि ज्यांनी मुभेचा आधार घेऊन आणला त्यांना मी नावं ठेवणार नाही.

मला चौथा प्रश्न विचारायचा आहे. आणलेलं जनावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कुठे असतं?

पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. जळगाव-धुळ्याकडे कुत्रा म्हणजे गल्लीतला, नाहीतर मळ्यातला. बंगलेवाल्यांकडे एखादा जर्मन शेफर्ड किंवा पामेरियन. हचच्या जाहिरातीनंतर काही दिवस पग दिसले. आता मोबाइलवरच्या व्हिडिओंनी वेगळंच वेड लावलं आहे. भिंतीवर चढणारा, उडी मारून माणसाचा हात पकडणारा बेल्जियन मॅलिनॉइस पाहायचा आणि तोच पाहिजे म्हणायचं. ज्या भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे सायबेरियन हस्की फिरवायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्या कुत्र्याचं नावच ऐकलं तरी कळावं, तो कुठल्या थंडीचा आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं या जानेवारीत मॅलिनॉइसचं पिल्लू घेतलं. अडीच महिन्यांचं. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, बायको एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन. मेहरूण भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. दोघं पावणेनऊला निघतात, सव्वासहाला परततात. पिल्लू घेतलं तेव्हा त्यानं मला फोन केला होता आणि प्रश्न अर्थातच पहिलाच होता, “मॅडम, जायज है ना? राखणीसाठी घेतोय.” महिन्याभरानं कामानिमित्त त्याच्या घरी गेले, तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात तारेचा पिंजरा होता. पिल्लू त्यात उभं राहू शकत होतं, वळू शकत होतं, इतकंच. नाकाची कातडी तारेवर घासून सोलली होती. पाण्याचं भांडं उलटं पडलं होतं आणि खालची चादर लघवीनं भिजली होती.

तो दुष्ट नाही, हे मी आधीच सांगते. शाळेत असताना पावसात भिजलेली चिमणी दप्तरात घालून आणणारा हा मुलगा. त्यानं मला समजावलं, “मॅडम, हे क्रेट ट्रेनिंग आहे. कुत्र्याला गुहेसारखी जागा आवडते. बाहेरच्या देशात सगळे असंच करतात.”

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. अमेरिकेत पिंजऱ्याची सवय लावतात, आणि नीट लावली तर ती उपयोगी पडते. पिल्लाला रात्री झोपायला, डॉक्टरकडे नेताना, घरात सुतारकाम चालू असताना तासभर सुरक्षित ठेवायला पिंजरा चांगला. दार उघडं असतं, आत मऊ अंथरूण असतं, पिल्लू आपणहून आत जातं. हळूहळू पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास, अशी सवय लावतात. जनावरांचे डॉक्टर एक साधा हिशेब सांगतात. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास, फार तर एक तास जास्त, ते लघवी धरू शकतं. अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन-चार तास. साडेनऊ तास नाही. कुत्रा आपली झोपायची जागा सहसा घाण करत नाही. त्याला आपल्याच लघवीत बसायला लावलं की हीच चांगली सवय मोडते, जी लावायला म्हणून पिंजरा आणलेला असतो. आणि ‘सगळे’ असं करत नाहीत. स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला असा पिंजऱ्यात कोंडून ठेवायला कायद्यानं मनाई आहे. प्रवासासारख्या ठरावीक कारणांसाठीच पिंजरा चालतो. दिवसा सहा तासांतून एकदा तरी कुत्र्याला बाहेर न्यायलाच हवं आणि पिल्लाला त्याहून वारंवार, असा तिथला नियम आहे.

“पण पिल्लं तर अठरा-अठरा तास झोपतात ना?” असं त्याची बायको म्हणाली. झोपतात, बरोबर. तान्हं बाळही सोळा तास झोपतं. म्हणून त्याला सकाळी पाळण्यात ठेवून कुलूप लावून कोणी कामाला जात नाही. पिल्लाची झोप तुकड्यातुकड्यांची असते. उठलं की त्याला मोकळं व्हायचं असतं, चावायचं असतं, कुणाच्या तरी मागे धावायचं असतं. मध्येच धावून दमलं, की मगच पुढची झोप नीट लागते.

आता जात कुठली आहे ते पाहा. मॅलिनॉइस हे नाव बेल्जियमच्या मेखेलन शहरावरून आलं. फ्रेंचमध्ये त्याला मालिन म्हणतात. हा मूळचा मेंढपाळाचा कुत्रा. १८९१ च्या सुमारास बेल्जियममध्ये मेंढपाळ कुत्र्यांच्या जाती ठरवल्या गेल्या, त्यातली ही एक. जर्मन शेफर्डची रीतसर पैदास १८९९ पासूनची, आणि नावातच त्याचा धंदा आहे. कळपाभोवती दिवसभर पळायचं, मेंढरावर नजर ठेवायची, मालकाच्या शिट्टीसरशी वळायचं, यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून ही जनावरं घडवली. म्हणूनच सीआरपीएफ मॅलिनॉइसला नक्षलग्रस्त भागात घेऊन जाते. बंगळुरूजवळ तरळू इथे त्यांची कुत्र्यांची शाळा आहे. जवानांबरोबर मैलोन् मैल जंगल तुडवून सुरुंग हुंगून काढणारं ते जनावर. प्रत्येक कुत्र्यामागे हँडलर असतो, आणि हँडलरची नोकरीच ती असते. आपण त्या जनावराचं पिल्लू आणतो, हँडलर आणत नाही.

शिक्षिका म्हणून मला हे लवकर कळलं, कारण असे विद्यार्थी दर वर्षी वर्गात असतात. हुशार, अंगात वारं शिरल्यासारखा, चाळीस मिनिटांच्या तासात चार वेळा उठणारा. त्याला मधली सुट्टी बंद करून वर्गात बसवलं तर दुपारनंतर तो बाक कोरतो, शेजाऱ्याला चिमटे काढतो. त्यालाच फळा पुसायला, हजेरी कार्यालयात पोचवायला, लहानांची रांग लावायला दिलं की तोच मुलगा माझा उजवा हात होतो. कामाच्या जातीच्या कुत्र्याचं नेमकं हेच आहे. काम दिलं नाही तर तो स्वतःच काम शोधतो, आणि पिंजऱ्यात सापडणारी कामं दोनच: तार चावणं आणि भुंकणं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीकडे तक्रार केली, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला वाटलं त्या मुसलमानाच्या घरात कुत्रा कसा म्हणून खोचक बोलत आहेत. मी काकूंना भेटले. त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, दुपारी दोन वाजता ते लेकरासारखं रडतं. मला जेवण जात नाही.”

माझं माहेर धुळ्याचं. लहानपणी साक्रीच्या बाजूला जाताना ठेलारी मेंढपाळांची बिऱ्हाडं दिसायची, आजही दिसतात. घोड्यावर संसार, मागे मेंढरं आणि बरोबर दोन-तीन कुत्री. शेतकरी खतासाठी त्यांना आपल्या शेतात मेंढ्या बसवायला बोलावतो. रात्रभर लांडग्याची भीती, म्हणून कुत्री रात्री जागतात. दिवसा मुक्कामाला असली की ती सामानाच्या सावलीला मेल्यासारखी पडलेली असतात. आपण जवळून गेलो तर एक डोळा उघडतात, पुन्हा मिटतात. त्या कुत्र्यांना शाम्पू नाही, आयतं खाद्य नाही, लस मिळत असेल-नसेल. वांड कुत्र्याच्या गळ्यात लोढणं अडकवलेलंही मी पाहिलं आहे, तेव्हा सगळं गोड होतं असं म्हणणार नाही. पण त्या कुत्र्याची झोप ही कामानंतरची झोप आहे आणि त्याचा माणूस हाकेच्या अंतरावर आहे. तीस-चाळीस हजारांच्या पिल्लाला यातलं काहीच मिळत नाही.

ठेलाऱ्याच्या कुत्र्याजवळ आणखी एक गोष्ट असते, सावली निवडायची मोकळीक. खान्देशात ही चैन नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, थोडंफार पंजांच्या गाद्यांमधून. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. वरच्या मजल्याचा फ्लॅट, डोक्यावर तापलेला स्लॅब, बंद खिडक्या, दुपारी वीज गेली की पंखा बंद, भांडं उलटून पाणी सांडलेलं. मोकळं पिल्लू निदान मोरीतल्या गार फरशीवर जाऊन पोट टेकतं. पिंजऱ्यातलं कुठे जाणार? मार्च ते जून आपल्याकडे हा प्रश्न शिस्तीचा उरतच नाही.

आता पुन्हा दीनकडे येते, कारण माझ्या विद्यार्थ्यानं सुरुवात तिथूनच केली होती. राखणीसाठी घेतोय, म्हणून जायज. ठीक. पण राखण कधी करायची असते? घरात कोणी नसताना. आणि घरात कोणी नसताना हे जनावर पिंजऱ्यात बंद आहे. चोर आला तर ते भुंकेल, पण ते तर रोजच दिवसभर भुंकतंय. कोण लक्ष देणार? मुभा कामासाठी होती आणि काम तर होतच नाही. शिकारी जनावरांबद्दल सूरे माइदामध्ये जी इजाजत आहे, तीसुद्धा शिकवलेल्या जनावरांसाठी आहे, ज्यांना माणसानं वेळ देऊन तयार केलं त्यांच्यासाठी. सूरे कहफमधल्या गुहेवाल्यांचा कुत्रा आठवा. तो गुहेच्या उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसला आहे, आणि त्या लोकांची गणती सांगताना कुराण त्याचीही गणती करतं.

तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याची बख्शिश झाली, ही हदीस आपण पोरांना आवडीनं सांगतो. दुसरी एक हदीस आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत असलेली, ती कमी सांगतो. एका बाईला मांजरीमुळे अजाब झाला. तिनं मांजर कोंडून ठेवली, खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही, की ती जमिनीवरचे किडे-उंदीर खाऊन तरी जगली असती. मांजर मेली. आपण ही हदीस उपासमारीची म्हणून ऐकतो. मी ती कोंडण्याचीही म्हणून ऐकते. मांजर तर पाक जनावर, घरात फिरणारं. म्हणजे तिथे पाक-नापाकचा सवालच नव्हता. सवाल हा होता की जनावराची स्वतःची सोय करायची वाट तू बंद केलीस, आणि मग ती जबाबदारी तू उचलली नाहीस. माझा विद्यार्थी पिल्लाला खायला भरपूर देतो, त्यामुळे त्या बाईशी त्याची बरोबरी मी करत नाही. पण वाट बंद केल्यानंतर काय-काय द्यावं लागतं, याची यादी फक्त अन्नावर संपत नाही. तेराव्या शतकातले मोठे शाफई आलिम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे माणसावरचे हक्क लिहून ठेवले आहेत. जनावर म्हातारं झालं, आजारी पडलं, त्याचा काही उपयोग उरला नाही तरी त्याच्यावर खर्च करायचा. झेपणार नाही इतकं त्याच्यावर लादायचं नाही. त्याची बसायची जागा ठीक ठेवायची. हे लिहिणारे आलिम कुत्र्याबाबत सगळ्यात कडक मसलकाचे होते, हे लक्षात घ्या. नापाक म्हणणं आणि हक्क देणं यात त्यांना विरोध दिसला नाही.

आपल्या देशाचा कायदाही हेच बोलतो, फक्त त्याचा आवाज फार बारीक आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम ११. त्यात अपुरा पिंजरा हा गुन्हा आहेच, पण कुत्र्याचं नाव घेऊन एक वेगळं पोटकलम आहे: ज्या कुत्र्याला नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलं जातं त्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, तर तो गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज जळगावात दोन माणसांचा नाश्ताही होत नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला होता तेव्हा ती रक्कम मोठी असेल. आता ती कुणाला अडवत नाही.

या सगळ्यात घरातल्या बाईबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आपल्या घरांत कुत्रा आणायची हौस बहुतेक वेळा पुरुषाची किंवा पोराची असते. दिवसभर त्याचं करायचं कुणी, हे न बोलता ठरलेलं असतं: अम्मी करेल, भाभी करेल. लघवी पुसायची तिनं, पुन्हा वुजू करायचा तिनं, कपडे बदलून नमाजला उभं राहायचं तिनं. आता सून लॅबमध्ये जाते, सासू गावी आहे, तर त्या बिनपगारी जागेवर पिंजरा आला आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या बायकोला मी विचारलं, तुला पिल्लू हवं होतं का? ती नवऱ्याकडे बघून हसली. मला उत्तर कळलं.

मग नोकरी करणाऱ्यांनी कुत्रा पाळूच नये का? पाळावा, पण आधी आपल्या दिवसाचा हिशेब मांडून. दोघंही नऊ तास बाहेर असाल तर कामाच्या जातीचं पिल्लू घेऊ नका. पिल्लूच घेऊ नका. दोन-तीन वर्षांचा, शांत झालेला गल्लीतला कुत्रा हा त्याहून बरा, त्याला आपल्या उन्हाची सवयही असते. मांजर आणखी बरी, तिच्याबाबत तर पहिले तीन प्रश्नही नाहीत. घेऊन झालंच असेल, तर पिंजऱ्याऐवजी एक खोली किंवा पार्टिशन करून मोरीजवळचा कोपरा द्या. सकाळी कामाला जाण्याआधी पाऊण तास खरंच पळवा. पट्टा धरून मोबाइल बघत उभं राहणं म्हणजे पळवणं नव्हे. दुपारी एक माणूस आलाच पाहिजे. सोसायटीत निवृत्त माणसं असतात, दहावी झालेली पोरं असतात, पैसे देऊन लावा. तीस हजारांचं पिल्लू परवडतं तर महिन्याला दीड-दोन हजार जड नाहीत. आणि विकणाऱ्याला विचारा की मी दिवसभर घरी नसतो, ही जात मला चालेल का. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. वय विचारल्यावर जो गडबडतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

माझ्या विद्यार्थ्यानं पहिल्यांदा राग धरला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. वरच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा दुपारची शाळा सुटली की अर्धा तास येतो, पिंजऱ्याचं दार काढून टाकलंय, सोफ्याचा एक कोपरा फस्त झालाय. पण दुपार अजून लांबच पडते आणि ऊन वाढत चाललंय. यावल तालुक्यात त्याच्या मामूंचा केळीचा मळा आहे. बकऱ्या आहेत, विहीर आहे, सालदाराचं कुटुंब दिवसरात्र तिथेच राहतं. मामूंनी घेऊन ये म्हणून सांगितलं आहे. बायको म्हणाली, दर रविवारी भेटायला जाऊ. तो अजून हो म्हणालेला नाही, पण परवा त्यानं मला विचारलं, बकऱ्यांच्या मागे लागणार नाही ना? मी म्हटलं, सुरुवातीला लागेल, शिकवावं लागेल, मामूंना आधीच सांगून ठेव.